पोस्त, वाटी आणि फलाटाची उंची

संध्याकाळी सव्वासात वाजता घाटकोपर स्थानकाच्या पुलावर थांबून दाखवा. पैज लावते, जमणार नाही. वरून मेट्रोचा लोंढा उतरतो, खालून ठाणे-कल्याणकडच्या गाड्यांचा लोंढा चढतो आणि मध्ये सापडलेल्या माणसाला स्वतःची अशी दिशा राहत नाही. पुढच्याची पाठ जिकडे जाईल तिकडे आपण. ८ जून २०१४ ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली तेव्हा आम्हा घाटकोपरकरांना कोण आनंद! ११.४ किलोमीटर, बारा स्थानकं, एकवीस मिनिटं. ज्या अंधेरी-कुर्ला रस्त्यावर रिक्षात बसून केस पिकले, तो आता खिडकीतून खाली बघायचा. अंधेरीला जाणारी अर्धी मुंबई आपल्याच पुलावरून जाणार, हे नंतर लक्षात आलं.

चांगुलपणावर लिहायचं म्हणून माणसं बघत इथे उभं राहिलं, तर आधी बरगडीत कोणाचं तरी कोपर बसतं. मग फलाटावर उतरायचं, गाडीत शिरायचं, आणि तिथे दुसरंच राज्य सुरू होतं. ठाण्याहून भरून आलेल्या गाडीच्या बायकांच्या डब्यात उभ्या बाईची जड पिशवी बसलेली बाई मांडीवर ओढून घेते. विचारत नाही, बघतही नाही, मोबाइलवरची मालिका चालूच असते. तान्हं मूल घेऊन कोणी चढली, तर ते मूल चार हातांतून खिडकीशी पोचतं आणि आई दाराशीच राहते. "कुठे?" "दादर." "मग मला द्या हं, मला मशीदला जायचंय." एवढ्या बोलण्यावर सीट ठरते आणि हा करार सहसा मोडत नाही. तिघांच्या बाकावर चौथी टेकते, अर्धी हवेत. मी याचे गोडवे गाणार नाही. याच डब्यात नेहमीच्या बायकांचे गट जागा अडवतात, नवखीला दारातून आत येऊ देत नाहीत, वाद झाला तर तो केसांपर्यंत जातो. पण मांडीवर घेतलेली पिशवीही तितकीच खरी, आणि ती परत देताना कोणी कोणाचं नाव विचारत नाही.

नाव न विचारण्याचा हा भाग मला फार दिवस सतावतो आहे. या उपनगरात आपल्यावर जे उपकार होतात, ते बहुतेक अशा माणसांकडून ज्यांना आपण उद्या समोर आले तरी ओळखणार नाही. मग त्या ऋणाचं करायचं काय? ते जातं कुठे?

११ जानेवारी २०१४ ला याच स्थानकावर एक सोळा वर्षांची विद्यार्थिनी गाडी पकडताना फलाट आणि डबा यांच्यामधल्या फटीत पडली. तिचे दोन्ही हात गेले. तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी तिचं नाव छापलं होतं, ते इथे पुन्हा घालायचं कारण नाही. कृत्रिम हात बसवले, ती शिकली, आणि सहा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, ऑगस्ट २०२० च्या अखेरीस, परळच्या ग्लोबल रुग्णालयात तिला दोन्ही हातांचं प्रत्यारोपण झालं. मुंबईतलं असं पहिलं. हात आले चेन्नईहून, विमानाने, टाळेबंदीच्या दिवसांत. देणारा बत्तीस वर्षांचा, मेंदू मृत झालेला माणूस.

मूत्रपिंड किंवा यकृत देणं आणि हात देणं यांत नातेवाइकांच्या दृष्टीने केवढा फरक आहे, याचा आपण सहसा विचार करत नाही. आतला अवयव काढला तर बाहेरून दिसत नाही, माणूस होता तसा घरी येतो. हात नसलेला देह घरी कसा न्यायचा? म्हणून दात्याच्या देहाला कृत्रिम हात जोडून देण्याची पद्धत आहे. भारतात पहिलं हात-प्रत्यारोपण कोचीच्या अमृता रुग्णालयात २०१५ च्या जानेवारीत झालं, म्हणजे आपल्याकडे हे सगळं अजून कोवळंच आहे. हाडं जोडायची, स्नायूंच्या दोऱ्या जोडायच्या, रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली शिवायच्या, मग नसा. रक्त लगेच वाहू लागतं, हात गरम होतो. पण नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढते. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत किती मिलिमीटर होतात ते स्वतःच्या हातावर मोजून बघा. तेवढे दिवस तो हात आपला असून आपल्याला कळत नाही. शरीराने परका म्हणून त्याला नाकारू नये यासाठी औषधं जन्मभर.

आता सांगा, या मुलीने आभार कोणाचे मानायचे? कोणी कितीही चांगलं असलं तरी दोन हातांच्या बदल्यात द्यायचं काय? मराठीत आपण सहज म्हणून जातो की अमक्याचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. इथे ते अक्षरशः तसं आहे. आणि त्याच्याही आधी, त्या दिवशी फलाटावर जी माणसं धावली, ज्यांनी तिला उचललं, ज्यांनी गाडी थांबवायला आरडाओरडा केला असेल, त्यांची तर बातमीतही एक ओळ नव्हती. ती माणसं पुढची गाडी पकडून घरी गेली असणार.

फलाटावर माणूस पडला की काय होतं, हे रोजच्या प्रवाशाला ठाऊक असतं. कोणी तरी स्टेशन मास्तरांकडे पळतं, मेमो निघतो, पोलीस येतात, हमाल स्ट्रेचर उचलतात. त्या वर्षांत मुंबईच्या लोकल मार्गांवर वर्षाला तीन हजारांहून जास्त माणसं मरत होती. स्ट्रेचर उचलणारा हमाल हा या शहराचा खरा प्रथमोपचार होता. बाकीचे बघे. बघे दगडाच्या काळजाचे होते म्हणून नव्हे. जखमीला हात लावला तर पोलीस स्टेशनच्या फेऱ्या, जबाब, कोर्टाची तारीख आणि त्या दिवसाची हजेरी बुडाली, हे गणित प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं बसलेलं. रस्त्यावरच्या अपघातांपुरतं तरी हे गणित बदलायचा प्रयत्न झाला. ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने 'सेव्हलाइफ फाउंडेशन'च्या याचिकेत मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलमच आलं. म्हणजे आमच्या डब्यातली नाव न विचारण्याची रीत शेवटी कायद्यात जाऊन बसली.

रेल्वेच्या बाबतीत हे काम एका माणसाने हट्टाने केलं. समीर झवेरी. १९८९ मध्ये रेल्वे अपघातात त्यांचे दोन्ही पाय गेले. पुढची वर्षानुवर्षं त्यांनी माहिती अधिकाराचे अर्ज आणि जनहित याचिका यांचा पिच्छा सोडला नाही. जखमी माणूस फलाटावर पडून राहू नये, स्थानकांवर रुग्णवाहिका हवी, तातडीच्या उपचारांची खोली हवी, ही मागणी घेऊन ते उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने रेल्वेला तसं करायला लावलं. याच वाटेने २०१७ मध्ये मध्य रेल्वेच्या काही स्थानकांवर एक रुपयात डॉक्टर तपासणारे दवाखाने निघाले, त्यात घाटकोपरही होतं. त्या दवाखान्यांभोवती पुढे वादही बरेच झाले. पण झवेरींना पडल्या जागेवरून कोणी तरी उचललं असेलच ना? त्या कोणाचा पत्ता त्यांना लागला असो वा नसो, पुढच्या पडणाऱ्यासाठी त्यांनी रुग्णवाहिका उभी करून घेतली.

घाटकोपरच्या त्या अपघातानंतर फलाटांच्या उंचीचा प्रश्न असाच पेटला. उच्च न्यायालयाने रेल्वेला धारेवर धरलं, आणि उपनगरी स्थानकांचे फलाट ९०० मिलिमीटरच्या वर उचलायचं काम टप्प्याटप्प्याने, मुदती चुकवत चुकवत, पुढे सरकलं. फलाट उंच करणं हे फार कंटाळवाणं काम आहे. रात्रीच्या ब्लॉकमध्ये लाद्या उखडायच्या, भराव टाकायचा, पुन्हा लाद्या, मग बाकड्यांचे पाय आणि जिन्याची शेवटची पायरी एवढीशी उरते ती सांभाळायची. याचं उद्घाटन होत नाही, रिबीन नाही. पण माझ्या मते अनोळखी माणसाच्या उपकाराची ही सर्वांत सरळ परतफेड. ज्या मदतीबद्दल आपण आभारी आहोत, तिची गरज पुढच्याला पडूच नये. हे माझं मत, आणि पुढचं सगळं मी त्याच चष्म्यातून बघते आहे, हे आधीच सांगून टाकते.

म्हणूनच 'मुंबई स्पिरिट' हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं.

२५ जुलै २०१७ ला लाल बहादूर शास्त्री मार्गाजवळच्या दामोदर पार्कमध्ये सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळली, सतरा माणसं गेली. १३ मे २०२४ ला दुपारी धुळीचं वादळ आलं आणि छेडानगरच्या पेट्रोल पंपावर १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग आडवं झालं. पुन्हा सतरा. सत्तरहून जास्त जखमी. महापालिकेच्या नियमात होर्डिंग ४० बाय ४० च्या वर जात नाही, हे आम्हाला दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कळलं. आधी आम्ही त्याच्याखाली पेट्रोल भरत होतो. पंपाची टाकी जमिनीखाली, म्हणून गॅस कटर लावायची भीती, म्हणून सांगाडा उचलायला दोन दिवसांहून जास्त. या दोन्ही वेळी लोक धावले. राजावाडी रुग्णालयाबाहेर नातेवाइकांना पाणी देणारे, फोन चार्ज करून देणारे, याद्या वाचून दाखवणारे उभे राहिले. मग वाहिन्यांवर स्पिरिटचे गोडवे. लोक धावले याचा अभिमान मलाही आहे. पण धावायची वेळ आणणारा त्या कौतुकाच्या आड सुखाने बसतो, आणि आपण त्याला बसू देतो.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये, घाटकोपरातल्या एका शाळेत शिकवणारे गुरुजी देशभर बातम्यांत आले. ते रिक्षाही चालवतात. रुग्णवाहिका मिळत नव्हत्या, मिळाल्या तर भाडं ऐकून माणूस अर्धा व्हायचा. या गुरुजींनी पीपीई किट चढवलं, रिक्षा प्रत्येक फेरीनंतर धुऊन काढली आणि रुग्णांना रुग्णालयात नेऊन सोडणं, बरे झाले की घरी आणणं, फुकट सुरू केलं. इंधनही पदरचं. मला त्यातला एक भाग मोठा वाटतो. ते आणायलाही जायचे. नेऊन सोडणाऱ्याची बातमी होते. बरं झालेल्या, पण सोसायटीत कोणी दारात उभं करत नाही अशा माणसाला रिक्षात घालून त्याच्या गेटपर्यंत आणणं, वॉचमनच्या आणि खिडक्यांमधल्या नजरा झेलणं, हे जास्त कठीण. त्या काळात आम्ही थाळ्या वाजवण्याच्या पलीकडे जाऊन शेजाऱ्याच्या दाराला फिनेल मारत होतो. तेही याच घाटकोपरचं.

दिवाळी आली की कृतज्ञतेचा हिशेब पोस्तीवर येतो. पोस्टमन, वॉचमन, लिफ्टवाला, केबलवाला, पेपर टाकणारा पोरगा, घंटागाडीवाले. एकेकाची बेल वाजते, पाकीट दिलं जातं, वर फराळाची पिशवी. आमच्या सोसायटीत याची वही आहे. मागच्या वर्षी किती दिले ते बघून यंदाचा आकडा ठरतो, आणि त्यावर जी चर्चा होते ती ऐकली तर पोस्तीतला सण निघून जाईल. मी पोस्तीच्या विरोधात नाही. देणाऱ्यालाही घेणाऱ्याचा चेहरा वर्षातून एकदा नीट दिसतो, हे काय कमी आहे? पण घंटागाडीवर उभ्या माणसाचा मामला फराळाच्या पिशवीत मावत नाही. मुंबई महापालिकेच्या कचऱ्यावर कंत्राटाने राबणाऱ्यांपैकी २,७०० कामगारांसाठी 'कचरा वाहतूक श्रमिक संघा'ने २००७ पासून लढा दिला. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कायम करण्याचा निर्णय कायम ठेवला. दहा वर्षं. त्या दहा वर्षांत त्यांना दहा दिवाळ्यांच्या पोस्ती मिळाल्या असतील, प्रेमाने दिलेल्या. त्यांनी भांडून मिळवलं ते पगाराचं पत्रक, हजेरीचा कागद, आजारपणाची रजा.

दसऱ्याच्या सुमाराला लोकलमध्ये होतं ते मात्र मला निर्भेळ आवडतं. दसऱ्याला सुट्टी, म्हणून आदल्या कामाच्या दिवशीच नेहमीचे प्रवासी आपला डबा सजवतात. झेंडूची तोरणं, खिडक्यांना आंब्याचे डहाळे, देवाची तसबीर, पेढे. भजनी मंडळ असेल तर टाळ. आणि मग चार-पाच जण पुढे जाऊन मोटरमनला हार घालतात, पेढे देतात. वर्षभर ज्याच्या हातात आपला जीव आहे आणि ज्याचा चेहरा कधी दिसत नाही, तो काचेतून बाहेर डोकावून हात जोडतो. गाडी सुटायची असते, त्यामुळे भाषणाला वाव नाही. हीच त्यातली मौज. मागच्या डब्यातल्या गार्डला बऱ्याचदा विसरतात. २०२२ पासून त्यांचं पद 'ट्रेन मॅनेजर' झालं, पण पेढा अजून पुढच्याच केबिनला पोचतो.

देणं चुकतं करायची आणखी एक रीत इथेच सापडते. घाटकोपर पश्चिमेला, चिरागनगरात, अण्णा भाऊ साठे राहत होते. झोपडपट्टीतली खोली, मिणमिणता दिवा, आणि त्यात कथा, कादंबऱ्या, पोवाडे. 'चिरागनगरची भुतं' या नावाने त्यांनी वस्तीच पुस्तकात आणली. १९५९ ची 'फकिरा' त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा तीन वर्षं होत आली होती. अण्णा भाऊंनी स्मारक मागितलं नाही, मिरवणूक काढली नाही. एका लेखणीचं देणं दुसऱ्या लेखणीने चुकतं केलं. त्यांच्या स्वतःच्या स्मारकाची चिरागनगरात चर्चा मात्र वर्षानुवर्षं चालू आहे.

पंतनगरला म्हाडाच्या जुन्या वसाहतीत एक काकू राहतात. वय पंचाहत्तरीच्या पुढे. त्यांच्याकडे मी या लेखासाठी गेले तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "चांगुलपणावर काय लिहायचं असतं? तो करायचा असतो." मग चहा टाकला आणि दोन तास बोलल्या.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. काकूंचे यजमान फोर्टमधून निघाले ते चालतच. चुनाभट्टीच्या पुढे छातीभर पाणी. एका चाळीतल्या माळ्यावर कोणी तरी हाक मारून वर घेतलं. त्या खोलीत आधीच सात-आठ अनोळखी माणसं. त्या घरच्या बाईने खिचडी केली, ओले कपडे काढून घालायला एक लुंगी दिली. सकाळी पाणी उतरल्यावर काका लुंगीवरच घरी आले, कपड्यांची पिशवी डोक्यावर.

"मग परत नाही केली?"

"अगं गेले होते ना हे, पुढच्या रविवारी. धुऊन, इस्त्री करून, सोबत पाव किलो पेढे. घरच सापडेना! पाण्यात बघितलेली गल्ली, कोरडी झाल्यावर सगळी एकसारखी. दोघा-तिघांना विचारलं, तुमच्याकडे राहिलो होतो का? ते म्हणाले, आमच्याकडे पण बरेच राहिले होते. नावं कोणी लिहून घेतली होती?"

"पेढ्यांचं काय झालं?"

"तिथल्याच पोरांना वाटले. आणि लुंगी हे वापरायला लागले. फाटली तेव्हा मी तिचं फडकं केलं. देव्हाऱ्यात ठेवायची होती की काय?"

काकूंच्या इमारतीत चार मजले, मजल्यावर आठ खोल्या, समोर सामाईक गॅलरी. तिथे वाटीचा कायदा चालतो. शेजारून वाटी आली की ती रिकामी परत जात नाही. काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी. माझ्यासमोरच पलीकडच्या बेनकडून हांडव्याचे तुकडे आले, स्टीलच्या वाटीत, वर ताटली. काकूंनी ते डब्यात काढले, वाटी धुतली, पुसली आणि ओट्यावर पालथी घातली. "आज नाही द्यायची लगेच. लगेच दिली की हिशेब मिटवल्यासारखं होतं. उद्या घावन करीन तेव्हा जाईल." ही वाटी गेली पस्तीस-चाळीस वर्षं अशी हिंडते आहे. कोणाची कुठली वाटी, हे आता नक्की सांगता येत नाही, असंही त्या म्हणाल्या. तळाला नावं कोरलेली आहेत, पण ती वाचायची कशाला?

तशीच चावी. या मजल्यावर तीन घरांच्या चाव्या काकूंच्या खुंटीवर. पोरं शाळेतून येणार, गॅसवाला येणार, कोणाची आई गावाहून अचानक टपकणार. नव्या टॉवरात हे काम 'मायगेट' करतं. फोनवर विचारणा येते, अंगठा दाबला की गेट उघडतं. सोय आहे, नाकारण्यात अर्थ नाही. फक्त त्या अंगठ्याला घरातलं दूध उतू गेलेलं कळत नाही.

वाटीने सगळं सुटतं असंही मी म्हणणार नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात पूर्वेला 'मारू घाटकोपर' अशी गुजराती पाटी लागली, ती फोडली गेली, चार दिवस वातावरण तापलं. त्याच्याच आदल्या महिन्यात शेजारच्या मुलुंडमध्ये मराठी म्हणून जागा नाकारल्याचा एका महिलेचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. हांडवा देणारी बेन आणि घर न देणारी सोसायटी एकाच भागात नांदतात. काकूंना मी पाटीबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "बेनला पण विचार. ती म्हणते, मला पाटी वाचायला खाली उतरवत नाही, गुडघे दुखतात." आणि काकू हसल्या. माझं समाधान झालं नाही. दोन म्हाताऱ्यांच्या मैत्रीने घरं नाकारणं थांबत नाही; त्यासाठी नियम लागतो आणि तो पाळायला लावणारं कोणी लागतं.

आता त्यांची इमारत पुनर्विकासाला जाते आहे. पंतनगरात जिकडे बघाल तिकडे तेच. जुन्या खोलीच्या बदल्यात मोठं घर, लिफ्ट, चोवीस तास पाणी. काकूंना हे सगळं हवं आहे. "चार मजले चढून बघ माझ्या वयाला, मग मला जुन्या दिवसांचं सांग," असं त्यांनी मला सुनावलं. गॅलरी मात्र जाणार. नव्या नकाशात लिफ्टसमोर छोटी मोकळी जागा आणि चार बंद दारं.

पुनर्विकासाच्या सभेला बिल्डरचा माणूस आला होता. सगळे कार्पेट एरियावर, कॉर्पस फंडावर, भाड्याच्या चेकच्या तारखांवर बोलत होते, आणि ते योग्यच होतं. काकूंनी हात वर केला. त्यांचं म्हणणं एवढंच, की प्रत्येक मजल्यावर लिफ्टसमोर एक बाकडं द्या. दोन माणसं टेकतील एवढं. दार बंद असलं तरी माणूस बसलेलं दिसेल, वाटी घेऊन येणाऱ्याला घटकाभर थांबता येईल.

बिल्डरचा माणूस सभ्य होता. त्याने सांगितलं की अग्निशमनाच्या नियमात ते बसत नाही, जिन्याची आणि लिफ्टची वाट मोकळीच ठेवावी लागते, परवानगी अडेल. मागच्या रांगेतून कोणी तरी म्हणालं, काकू, आता घराघरात सोफे येतील, बाकड्याचं काय घेऊन बसलात.

काकू बसल्या नाहीत. म्हणाल्या, मग भिंतीला दुमडणारं लावा. रेल्वेत असतं तसं. आग लागली की आपोआप वर जाईल असं काहीतरी असेलच की तुमच्याकडे, एवढे इंजिनियर आहेत.

बेनने मागून गुजरातीत अनुमोदन दिलं. सेक्रेटरींनी मुद्दा इतिवृत्तात मराठीत लिहून घेतला. आर्किटेक्टला विचारून सांगतो, असं ठरलं आहे. पुढची सभा दिवाळीनंतर, तुळशीच्या लग्नाच्या आत.